मेलेडा रोग

तळहात व तळपाय यांची त्वचा जन्मानंतर थोड्याच काळात लाल होऊन पुढे जाड, पिवळसर व कठीण बनत जाणारा एक विरळा आनुवंशिक विकार. एड्रिअ‍ॅटिक समुद्रातील म्ल्येत या बेटावर त्याची प्रथम नोंद झाली. या बेटाचे इटालियन नाव मेलेडा असल्यामुळे वैद्यकीय वाङ्‌मयात ‘माल दे मेलेडा’, म्हणजे ‘मेलेडाचे दुखणे’, हे नाव रूढ झाले. हातापायांच्या तळव्यांची त्वचा स्थूल करणाऱ्या आनुवंशिक विकारांचा एक मोठा गट असून त्यास डॉक्टर ‘पामोप्लँटर केराटोडर्मा’ असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘स्थूलत्वचा विकार’ ही संज्ञा वापरली आहे. या गटात मेलेडा रोगापेक्षा अधिक आढळणारे विकार आहेत. तथापि इतिहासाच्या दृष्टीने मेलेडा रोगाचे स्थान वेगळे आहे. एका वैद्याने कुतूहलापोटी केलेली नोंद, कुष्ठरोगाचा संशय, त्या संशयाचे निराकरण, मेंडेलीय आनुवंशिकतेचा पुरावा आणि अखेर एका जनुकातील दोषाचा शोध अशा पायऱ्यांनी १८२६ ते २००१ या १७५ वर्षांत त्याचे ज्ञान वाढत गेले. एखाद्या रोगाला कोणते नाव दिले जाते यावर रोग्याचे सामाजिक भवितव्य किती अवलंबून असते, हेही या इतिहासातून दिसून येते.

त्वचेची रचना व विकाराचे स्वरूप : मानवी त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या कोशिका सतत विभागत असतात. नव्या कोशिका पृष्ठभागाकडे सरकत असताना त्यांत केराटीन या तंतुमय प्रथिनाचा साठा होतो, त्या चपट्या होतात, त्यांतील केंद्रक नाहीसे होते आणि अखेर त्यांचा मृत, कठीण असा शृंगस्तर बनतो. केस, नखे, शिंगे व खूर हेही मुख्यत्वे केराटिनाचेच असतात. शरीराच्या इतर भागांवर शृंगस्तर अतिशय पातळ असतो. तळहात व तळपाय यांवर मात्र दाब आणि घर्षण सहन करण्यासाठी तो निसर्गतःच जाड असतो. कष्टाची कामे करणाऱ्यांच्या तळहातांना पडणारे घट्टे किंवा अनवाणी चालणाऱ्यांच्या टाचांची जाड कातडी ही या संरक्षक व्यवस्थेचीच उदाहरणे होत. स्थूलत्वचा विकारांत ही व्यवस्था बाह्य कारणावाचून किंवा कारणाच्या मानाने फार अधिक प्रमाणात कार्यान्वित होते.

मेलेडा रोगात आरंभ बहुधा अर्भकावस्थेतच होतो. प्रथम तळवे लाल होतात व नंतर त्यांवर मेणासारखा पिवळसर, जाड थर चढतो. त्याच्या कडेला लालसर पट्टा दिसतो. सर्वसाधारण घट्टा तळव्यापुरताच मर्यादित राहतो. येथे मात्र स्थूल त्वचा तळव्याची सीमा ओलांडून हाताच्या व पायाच्या पाठीवर, मनगटावर आणि घोट्यावर पसरते. हातमोजे व पायमोजे घातल्यासारखे हे चित्र दिसते. कोपर व गुडघे यांवरही चकंदळे उमटतात. काही रोग्यांत तोंडाभोवतालची त्वचा लाल होते. तळव्यांना अतिशय घाम येतो आणि जाड थराखाली जंतू व कवके वाढल्यामुळे दुर्गंधी सुटते. नखे जाड व वेडीवाकडी होतात. खोल भेगा पडून चालणे व वस्तू धरणे कष्टप्रद होते. काही रोग्यांत बोटे आखडतात, तर काहींत बोटाभोवती आवळणारे कडे तयार होऊन बोटाच्या रक्तपुरवठ्याला धोका निर्माण होतो. आयुर्मर्यादा सहसा घटत नाही. परंतु शेती, मासेमारी किंवा हस्तव्यवसाय यांवर जगणाऱ्याच्या दृष्टीने हात व पाय निकामी होणे ही गोष्ट लहान नव्हे.

म्ल्येत बेट : दुब्रॉव्हनिक शहराच्या वायव्येस असलेले हे बेट सु. ३७ किमी. लांब व सरासरी ३ किमी. रुंद असून त्याचे क्षेत्रफळ सु. १०० चौ. किमी. आहे. बेटाच्या पश्चिम भागातील एका खाऱ्या सरोवरात छोटे बेट असून त्यावर बाराव्या शतकातील बेनेडिक्टाइन मठ आहे. दुब्रॉव्हनिक म्हणजेच पूर्वीचे रगूझा हे व्यापारी प्रजासत्ताक होते आणि १४१० मध्ये म्ल्येत त्याच्या अमलाखाली आले. नेपोलियनच्या राजवटीत, १८०८ मध्ये, हे प्रजासत्ताक संपुष्टात आले व लवकरच हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. पहिल्या महायुद्धानंतर तो यूगोस्लाव्हियात समाविष्ट झाला. १९९१ पासून तो स्वतंत्र क्रोएशियाचा भाग आहे.

या बेटाची लोकवस्ती नेहमीच विरळ राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती सु. एक हजार होती. मुख्य भूमीशी संपर्क बेताचा आणि गावे एकमेकांपासून दूर, त्यामुळे विवाहसंबंध मोजक्या कुटुंबांत होत. एखादा दुर्मिळ आनुवंशिक दोष अशा समाजात एकदा शिरला, की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो व बाहेरच्या जगाच्या तुलनेने फार अधिक वेळा प्रकट होतो. याला आनुवंशिकीत ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात [→ आनुवंशिकी].

बेटाच्या इतिहासातील आणखी एका गोष्टीचा रोगाच्या कहाणीशी संबंध आहे. पटकी, प्लेग यांसारख्या साथींपासून बचाव करण्यासाठी बाहेरून आलेल्यांना काही काळ वेगळे ठेवण्याची पद्धत पुढे जगभर पसरली. तिचा कायदेशीर आरंभ रगूझाने १३७७ मध्ये केला. प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहरात प्रवेश देण्यापूर्वी एक महिना जवळच्या निर्जन बेटांवर किंवा त्सावतात येथे राहणे त्या आदेशाने भाग पडले. १३९७ च्या आदेशानुसार म्ल्येतवरील मठाचाही या कामासाठी उपयोग करण्यात आला. या जुन्या विलग्नवासाच्या आठवणीतूनच ‘रगूझाने आपले महारोगी म्ल्येतवर नेऊन सोडले व तेथील लोकांचे हातपाय त्यामुळेच असे झाले’, ही समजूत पसरण्यास आधार मिळाला. प्रत्यक्षात प्लेगच्या भीतीने प्रवाशांना ठराविक काळ थांबवून ठेवणे आणि कुष्ठरोग्यांना कायमचे हद्दपार करणे या अगदी भिन्न गोष्टी होत.

ल्यूका स्टूली यांचे पत्र : मेलेडा रोगाचे पहिले वर्णन दुब्रॉव्हनिकचे वैद्य ल्यूका स्टूली (१७७२–१८२८) यांनी १८२६ मध्ये केले. स्टूली हे वैद्यकाबरोबरच साहित्य व निसर्गविज्ञान यांतही रस घेणारे गृहस्थ होते. १८२२ पासून काही वर्षे म्ल्येत बेटावर जमिनीतून तोफांसारखे गडगडाटी आवाज येत होते. रहिवासी भयभीत झाले आणि बेट सोडावे लागते की काय, असा प्रश्न निर्माण झाला. या भूकंपजन्य आवाजांविषयी स्टूली यांनी लिहिलेली पत्रे १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रियन शासनानेही त्यांच्या चौकशीसाठी भूवैज्ञानिक पाठविले. एरवी विस्मृतीत असलेल्या या बेटाकडे यूरोपातील विद्वानांचे लक्ष त्यामुळे वेधले गेले होते.

त्वचाविकारासंबंधीचा स्टूली यांचा मजकूर फ्लॉरेन्समधील ‘अँतोलोजिआ’ या नियतकालिकात संपादकांस लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध झाला. १८२१ मध्ये निघालेले व १८३३ मध्ये शासनाने बंद पाडलेले हे नियतकालिक त्या काळी इटलीतील सुशिक्षितांचे प्रमुख व्यासपीठ होते. पत्राच्या इटालियन शीर्षकाचा अर्थ ‘त्वचेच्या एका प्रकाराविषयी’ असा होतो. स्टूली यांनी आपल्या शीर्षकात रोग हा शब्द योजला नाही की कुष्ठाचा उल्लेख केला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विशिष्ट कुटुंबांत आढळणारी त्वचेची एक निराळी ठेवण, एवढीच नोंद त्यांनी केली. मेंडेल यांचा निबंध प्रसिद्ध होण्यास तेव्हा चाळीस वर्षांचा अवधी होता. तेव्हा आनुवंशिकतेच्या नियमांच्या आधारे या प्रकाराचा उलगडा करणे त्यांना शक्यच नव्हते. हे पत्र त्वचावैज्ञानिकांच्या वाचनात आले नाही आणि त्यानंतर सत्तर वर्षे या विषयावर शांतता पसरली.

कुष्ठरोगाचा संशय व त्याचे निराकरण : नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ऊतकांत जंतू दाखवून दिल्यावर कुष्ठरोग हा आनुवंशिक नसून सांसर्गिक आहे, हे मत प्रबळ झाले. त्याबरोबर यूरोपात कुष्ठरोगाची उरलीसुरली केंद्रे हुडकून काढण्याचा उत्साहही वाढला. ऑस्कर फोन होव्होर्का (१८६६–१९३०) हे तेव्हा दाल्मेशियात वैद्यकीय सेवेत होते. लोकवैद्यकाचे अभ्यासक म्हणूनही ते पुढे प्रसिद्धीस आले. म्ल्येतवरील विकृत हातापायांची माणसे त्यांच्या पाहण्यात आली आणि १८९६ मध्ये त्यांनी दाल्मेशियातील आजवर अज्ञात असलेल्या कुष्ठरोगकेंद्राविषयी एक टिपण एका जर्मन त्वचारोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या निदानाचे परिणाम गंभीर होऊ शकले असते. १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली व तिने रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या नॉर्वेजियन पद्धतीचा पुरस्कार केला. भारतातही ब्रिटिश शासनाने १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा केला. निर्धन रोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची त्यात तरतूद होती आणि हा कायदा औपचारिक रीत्या रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. अशा वातावरणात एखाद्या बेटावर ‘कुष्ठरोगाचे केंद्र’ असा शिक्का बसणे म्हणजे तेथील कुटुंबांचा व्यापार, विवाह व प्रवास यांवर बंदी येण्यासारखेच होते.

डॅनिश त्वचावैज्ञानिक एडव्हार्ड एलर्स (१८६३–१९३७) यांच्या सहभागामुळे हा संशय दूर झाला. त्वचा व सांधे अतिशय ताणले जाणाऱ्या ‘एलर्स-डॅनलॉस लक्षणसमूहा’मुळे त्यांचे नाव आज परिचित आहे, परंतु त्या काळी ते मुख्यतः कुष्ठरोगाचे तज्ञ म्हणून ओळखले जात. आइसलँडमधील कुष्ठरोगाची पाहणी त्यांनी केली होती व बर्लिन परिषद भरविण्यातही त्यांचा पुढाकार होता. कुष्ठरोग ज्यांनी शेकडो रोग्यांत पाहिला होता, अशा माणसाने म्ल्येतवरील विकार कुष्ठ नव्हे असे म्हणणे निर्णायक ठरले. १८९७ मध्ये होव्होर्का व एलर्स यांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला आणि ‘माल दे मेलेडा’ हे नाव त्याच लेखाने रूढ केले. पहिले निदान ज्यांनी मांडले त्यांचेच नाव दुरुस्तीच्या लेखावर असावे, ही गोष्ट शास्त्रीय व्यवहाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

दोहोंतील भेद सूक्ष्म निरीक्षणाने स्पष्ट होतो. कुष्ठरोग सहसा अर्भकावस्थेत सुरू होत नाही. मेलेडा रोग त्याच वयात सुरू होतो. कुष्ठरोगात तंत्रिका जाड होतात व त्वचा बधिर होते. बोटे झडतात ती मुख्यतः बधिर भागाला नकळत होणाऱ्या जखमांमुळे. मेलेडा रोगात संवेदना शाबूत असते, किंबहुना भेगांच्या वेदना रोग्याला असह्य होतात. त्यात कुष्ठजंतू सापडत नाहीत आणि सहवासाने तो दुसऱ्याला होत नाही [→ कुष्ठरोग].

भारतीय वैद्यकातील नोंदी : तळव्यांच्या विकारांचे उल्लेख प्राचीन भारतीय ग्रंथांतही आहेत. हातापायांना भेगा पडून तीव्र वेदना होणे या लक्षणांचा ‘वैपादिक’ किंवा ‘विपादिका’ हा प्रकार चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांत गणला आहे. सुश्रुतसंहितेत पायांच्या भेगांना ‘पाददारी’ व कुरुपासारख्या गाठीला ‘कदर’ म्हटले असून त्यांचा समावेश क्षुद्ररोगांत केला आहे. यांतील कोणतेही वर्णन मेलेडा रोगाचे आहे असे म्हणता येत नाही. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा अनेक त्वचाविकारांना व्यापणारी आहे. मराठीत मात्र ती आज एका विशिष्ट जंतुजन्य रोगापुरती सीमित झाली आहे. जुन्या ग्रंथांतील ‘कुष्ठ’ शब्दाचा आजचा अर्थ घेऊन वाचन केल्यास म्ल्येतवर झाली तशीच गल्लत होण्याचा संभव असतो.

वर्गीकरणाचे प्रयत्न : म्ल्येतकडे वैद्यांचे लक्ष जाण्यापूर्वीच जर्मनीत याच जातीच्या दुसऱ्या एका विकाराचा अभ्यास सुरू झाला होता. आर्टुर टोस्ट यांनी १८८० मध्ये हायड्लबर्ग येथील आपल्या प्रबंधात तळव्यांच्या आनुवंशिक स्थूलत्वचेचे वर्णन केले. हँबर्गचे विख्यात त्वचावैज्ञानिक पाउल उना (१८५०–१९२९) यांनी १८८३ मध्ये अशाच आणखी कुटुंबांची माहिती दिली. या विकाराला ‘उना-टोस्ट’ हे नाव मिळाले. त्यात स्थूलता तळव्यांच्या सीमेतच राहते आणि रोग्याच्या माता किंवा पिता यांपैकी एकात तोच विकार असतो. १९०१ मध्ये फोर्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेतील कोशिका विघटित झालेल्या दिसणारा प्रकार वेगळा केला. हे दोन विकार भिन्न आहेत असे पुढे नव्वद वर्षे मानले जात होते. परंतु १९९२ मध्ये टोस्ट यांनी वर्णिलेल्या मूळ कुटुंबाच्या वंशजांची ११० वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात फोर्नर यांनी वर्णन केलेलीच विकृती आढळली. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेले वर्गीकरण किती फसवे असू शकते, याचे हे उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गटात अनेक नव्या विकारांची भर पडली. फ्रान्समध्ये पापीयाँ व लफेव्र यांनी १९२४ मध्ये एका भावाबहिणीचे वर्णन केले. त्यांच्यात तळव्यांच्या स्थूलतेबरोबर हिरड्यांचा तीव्र दाह होऊन दात अकाली पडत होते. १९२९ मध्ये फोव्हिंकेल यांनी बोटांना आवळणारी कडी निर्माण करणारा प्रकार नोंदविला. १९५८ मध्ये हॉवेल-एव्हान्झ व त्यांचे सहकारी यांनी लिव्हरपूलमधील दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत ज्यांचे तळवे जाड होते त्यांनाच उतारवयाकडे झुकताना ग्रसिकेचा कर्करोग होत होता आणि ज्यांचे तळवे निरोगी होते ते बहुतांशी सुटत होते. १९८६ मध्ये ग्रीसमधील नाक्सॉस या बेटावर लोकरीसारखे कुरळे केस, स्थूल तळवे आणि हृदयस्नायूंची विकृती एकत्र आढळत असल्याचे प्रोटोनोटारिओस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. या विकारात तरुणपणीच हृदयाचा ठोका अनियमित होऊन आकस्मिक मृत्यू येऊ शकतो. तळव्यांची जाड त्वचा ही अशा प्रसंगी शरीरातील अधिक गंभीर विकाराची बालपणीच मिळणारी पूर्वसूचना ठरते.

भारताशी थेट संबंध असलेला प्रकार १९६५ मध्ये हायम व मुंक यांनी इझ्राएलमध्ये वर्णन केला. स्थूल तळवे, दंतमूलांचा नाश, लांब सडपातळ बोटे व बोटांच्या टोकांची हाडे विकृत होणे ही त्याची लक्षणे होत. हे रोगी केरळातील कोचीन येथून इझ्राएलमध्ये गेलेल्या ज्यू समाजातील होते. कोचीनचे ज्यू हे कोकणातील बेने इझ्राएल समाजाहून वेगळे. त्यांची संख्या अल्प असल्याने व विवाह समाजातच होत असल्याने म्ल्येतसारखीच परिस्थिती तेथे निर्माण झाली होती. त्यासाठी समुद्राने वेढलेले बेट असावेच लागते असे नाही. सामाजिक मर्यादाही बेटाचे काम करतात. पुढे २००० मध्ये हा विकार आणि पापीयाँ-लफेव्र विकार ही एकाच जनुकातील (कॅथेप्सीन-सी) दोषांची रूपे असल्याचे सिद्ध झाले.

आनुवंशिकतेचा उलगडा : म्ल्येतवरील विकार कुष्ठ नाही हे ठरले, तरी तो कसा उतरतो हा प्रश्न शिल्लक होता. मेंडेल यांच्या नियमांचा १९०० मध्ये पुन्हा शोध लागला व मानवी विकारांना ते लागू करण्याचे प्रयत्न सुरू झाले. झाग्रेबचे त्वचावैज्ञानिक फ्रान्यो कोगोय (१८९४–१९८३) यांनी १९३४ मध्ये म्ल्येतच्या रोगाविषयी विस्तृत अभ्यास प्रसिद्ध करून तो अप्रभावी पद्धतीने उतरतो हे दाखविले. म्हणजे मातापित्यांपैकी प्रत्येकाकडून एक असे दोन सदोष जनुक मिळाल्यासच अपत्यात विकार प्रकट होतो. ज्यांच्याकडे एकच सदोष जनुक असतो ते निरोगी दिसतात. अशा वाहक दांपत्याच्या प्रत्येक अपत्यात विकाराची शक्यता एक-चतुर्थांश असते. उना-टोस्ट विकार याउलट प्रभावी पद्धतीने उतरतो. तेथे एकच सदोष जनुक पुरेसा होतो.

या भेदामुळे जुन्या निरीक्षणांतील एक विसंगतीही सुटते. म्ल्येतसारख्या ठिकाणी वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने रोग्याचा विवाह नकळत वाहकाशी होण्याचा संभव असतो. अशा दांपत्याच्या अपत्यांत सरासरीने निम्मी रोगी निघतात आणि विकार पित्याकडून पुत्राकडे सरळ उतरत असल्याचा भास होतो. आपल्याकडे महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आहे. सख्ख्या आतेमामे भावंडांत सरासरीने एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे अशा विवाहांत कोणताही दुर्मिळ अप्रभावी विकार प्रकट होण्याची शक्यता वाढते. मात्र नात्यातील विवाह हे दोष निर्माण करीत नाहीत. आधीच सुप्त असलेला दोष ते उघड करतात.

रेणवीय संशोधन : १९९४ मध्ये फोर्नर विकाराचे कारण केराटीन-९ या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तन असल्याचे आढळले. हे केराटीन मुख्यत्वे तळव्यांच्या बाह्यत्वचेतच असते, म्हणून शरीराचा इतर भाग निरोगी राहतो. मेलेडा रोगाचे कारण शोधण्यासाठी मात्र केवळ म्ल्येतवरील कुटुंबे पुरेशी नव्हती. अल्जेरियात याच लक्षणांची कुटुंबे आढळली होती. त्यांच्या साहाय्याने १९९८ मध्ये हा दोष आठव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचे निश्चित झाले. २००१ मध्ये यूडिट फिशर व त्यांचे सहकारी यांनी अल्जेरिया व क्रोएशिया येथील १९ कुटुंबांच्या अभ्यासातून स्लर्प-१ या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तने असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर तुर्कस्तान, ट्युनिशिया व इतर देशांतील रोग्यांतही याच जनुकातील निरनिराळी उत्परिवर्तने आढळली. ज्या रोगाला एका बेटाचे नाव मिळाले तो त्या बेटापुरता कधीच नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले.

स्लर्प-१ हे बाह्यत्वचेतील कोशिकांतून स्रवणारे एक छोटे प्रथिन आहे. त्याच्या घडणीत तीन बोटांसारखे फाटे असून नागाच्या विषातील तंत्रिकाविषांची घडणही याच धर्तीची असते. तंत्रिका व स्नायू यांच्यात संदेश पोहोचविणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य त्वचेच्या कोशिकाही वापरतात. स्लर्प-१ त्या द्रव्याच्या एका ग्राहीवर परिणाम करते, असे २००३ मध्ये दाखविण्यात आले. हे नियंत्रण नाहीसे झाल्यास कोशिकांच्या परिपक्वतेचा क्रम बिघडतो आणि दाहही वाढतो. स्थूलतेबरोबर दिसणाऱ्या लालीचे स्पष्टीकरण यातून मिळते.

उपचार : मेलेडा रोग समूळ बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. कोमट पाण्यात हातपाय भिजवून जाड थर खरवडणे, सॅलिसिलिक अम्ल व यूरियायुक्त मलमे लावणे, कवकसंसर्गावर औषधे देणे हे नित्याचे उपाय होत. जीवनसत्त्व अ पासून बनविलेली रेटिनॉइड औषधे पोटात घेतल्याने स्थूलता कमी होते. परंतु औषध थांबविल्यास ती परत येते. गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने ही औषधे स्त्रियांना अत्यंत सावधपणे द्यावी लागतात. आखडलेली बोटे व आवळणारी कडी यांवर शस्त्रक्रिया करतात. जाड त्वचा पूर्णपणे काढून टाकून तेथे शरीराच्या अन्य भागातील त्वचेचे रोपण करण्याचे प्रयत्नही काही रोग्यांत झाले आहेत.

नेमक्या निदानाचा लाभ मात्र याच गटातील इतर विकारांत ठळकपणे दिसतो. टायरोसीन या अ‍ॅमिनो अम्लाच्या चयापचयातील दोषाने उद्‌भवणारा रिख्नर-हानहार्ट विकार आहारातील विशिष्ट अ‍ॅमिनो अम्ले मर्यादित केल्याने आटोक्यात येतो आणि डोळ्यांची हानी टळते. लिव्हरपूल प्रकाराच्या कुटुंबांतील व्यक्तींची ग्रसिका नियमितपणे तपासता येते. त्याचे जनुक २०१२ मध्ये निश्चित झाले. नाक्सॉस प्रकारात हृदयाची वेळीच तपासणी करून आकस्मिक मृत्यू टाळण्याचे उपाय योजता येतात. १९२७ मध्ये वर्णन झालेल्या ओल्म्‌स्टेड विकारात, कर्करोगासाठी तयार झालेल्या एर्लोटिनिब या औषधाने काही रोग्यांची स्थूलता व वेदना नाहीशा झाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

नाव व कलंक : स्थानावरून रोगाला नाव देण्याची पद्धत वैद्यकात जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या संसर्गजन्य रोगांना स्थळांची, व्यक्तींची किंवा समाजांची नावे देऊ नयेत, अशी शिफारस केली. आनुवंशिक विकारांना ती लागू होत नाही. तथापि तिच्यामागील विचार मेलेडा रोगाच्या इतिहासाशी जुळणारा आहे. बेटावरील मोजक्याच कुटुंबांत असलेल्या विकारामुळे साऱ्या बेटाचे नाव रोगाशी जोडले गेले आणि कुष्ठरोगाच्या संशयाची छाया निराकरणानंतरही लोकसमजुतीत रेंगाळत राहिली. आपल्याकडेही जाड व भेगाळलेल्या तळव्यांच्या रोग्याकडे संसर्गाच्या भीतीने पाहिले जाते. जन्मापासून असलेला, संवेदना शाबूत असलेला व घरातील काहींनाच झालेला असा विकार दिसल्यास तो आनुवंशिक असण्याचा संभव असून स्पर्शाने तो पसरत नाही. स्टूली यांनी १८२६ मध्ये त्याला केवळ ‘त्वचेचा एक प्रकार’ म्हटले होते. आधुनिक संशोधनाने त्याचे कारण सांगितले असले, तरी त्या पहिल्या नोंदीतील संयम आजही मार्गदर्शक ठरावा असा आहे.